धार काढणाऱ्याची पकड

दौंडच्या त्या मंगल कार्यालयात स्टेजच्या डाव्या हाताला एक खोली आहे. दारावर ‘वधू पक्ष’ अशी पाटी आहे. आत एक मोठा आरसा, भिंतीला टेकवलेला पलंग आणि न फिरणारा पंखा. ज्या रविवारबद्दल लिहितो आहे त्या दिवशी तिथे लग्न नव्हते. दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या डॉक्टरांचा मेळावा होता. पुण्याहून आलेले एक मेंदूविकारतज्ज्ञ हालचालींच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारांवर बोलणार होते आणि बोलता बोलता एक रुग्ण प्रत्यक्ष दाखवणार होते. स्टेजवर बोलावेपर्यंत या रुग्णाला बसवायचे कुठे, याचा विचार कोणी केला नव्हता. आयत्या वेळी ती खोली उघडून दिली गेली.

रुग्ण म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. मी तिथे दोन कामांसाठी होतो. शिरूरचा वार्ताहर म्हणून मला मेळाव्याची बातमी द्यायची होती, आणि ताईने बोलावले होते.

दाजी मांडवगण फराट्याचे. ऊस, चार गाई आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज. त्यांच्या बोटांची चुळबुळ सुरू झाली तेव्हा कोणाला काही वावगे वाटले नाही. पखवाज वाजवणाऱ्या माणसाची बोटे मांडीवर, चहाच्या टेबलावर, गाईच्या पाठीवर वाजतच असतात. पुढे खांदे उडू लागले. मग चेहरा आपोआप वाकडा व्हायला लागला आणि चालताना पाय भलतीकडे पडू लागले. त्याला ताल म्हणता येईना.

दाजींच्या वडिलांना मी ताईच्या लग्नात पाहिले होते. ते मांडवात खुर्चीवर बसले होते आणि त्यांचे सगळे अंग हलत होते, मान, हात, ओठ. येणारा प्रत्येक जण त्यांच्या पाया पडत होता. त्यांच्या अंगात देव येतो अशी गावाची समजूत होती. दर पौर्णिमेला त्यांच्यापुढे लोक बसत, हरवलेल्या जनावराचे, न होणाऱ्या मुलाचे विचारत. शेवटच्या वर्षांत त्यांचे बोलणे कोणाला कळत नव्हते, तरी लोक येतच. त्यांचा एक चुलतभाऊ शेजारी बसून ते काय म्हणाले ते सांगे. जेवताना घास अडकून ते गेले. देवाने नेले, असे गाव म्हणाले.

मुलाच्या वाट्याला तेच हलणे आले, पण तोवर गावात देवाची जागा दुसऱ्या गोष्टीने घेतली होती. दौंडच्या रस्त्याला ढाबे झाले होते. दूध संकलन केंद्रावर सकाळी किटली घेऊन उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, “आबाच्या अंगात द्येव यायचा. पोराच्या अंगात देशी येती.” सगळे हसले. दाजीही हसले, असे त्यांनीच मला सांगितले. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. भजनी मंडळाने आधी त्यांच्याकडून पखवाज काढून टाळ दिला. नंतर नुसते बसायला सांगितले. मग त्यांना बोलावणे यायचे थांबले.

हे दारूचे नाही, असे पहिल्यांदा म्हणाले ते गावात दवाखाना चालवणारे डॉक्टर. त्यांनी पुण्याला पाठवले, तिथे रक्ताची तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळाले. नाव एका परदेशी डॉक्टरचे आहे. ताईला त्याचा उच्चार जमला नाही, त्यामुळे घरात ‘तो आजार’ एवढेच म्हणायचे. गावच्या डॉक्टरांनी ताईला एकटीला बोलावून दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, यावर औषध नाही. हलणे थोडे कमी करायच्या गोळ्या आहेत, आजार थांबवायच्या नाहीत. ही गोष्ट ताईने घरी सांगितली. दुसरी सांगितली नाही. ती मला त्या मंगल कार्यालयात कळली.

ताईला एकच मुलगी. तेव्हा ती शिरूरला औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षात होती आणि रोज एसटीने जाऊन येऊन करत होती. तिचे लग्न निमोण्याच्या एका घरात ठरले होते. मुलगा एमआयडीसीतल्या एका कंपनीत. पत्रिका जुळली होती, सुपारी फुटली होती, साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची होती. ताई तारखेची घाई करत होती. मुलीची परीक्षा होऊ द्या, असे मी एकदा म्हणालो, तर ती म्हणाली की परीक्षा दरसाल येती.

मेळाव्याचे निमंत्रण गावच्या डॉक्टरांकडूनच आले. पुण्याचे मोठे डॉक्टर येणार आहेत, आपल्याकडचे सगळे डॉक्टर येणार आहेत, दाजींना घेऊन या, बघतील, असे ते ताईला म्हणाले. त्यांनी ‘शिबिर’ हा शब्द वापरला नव्हता, हे मी नंतर दोघांनाही विचारून घेतले. पण मंगल कार्यालयात पुष्कळ डॉक्टर एकत्र येणार म्हटल्यावर आमच्या भागात त्याचा एकच अर्थ होतो. कोणत्यातरी पुढाऱ्याचा वाढदिवस असतो, बाहेर फ्लेक्स लागतो, आत डोळे तपासतात, साखर बघतात, पिशवीत गोळ्या देतात. डॉक्टर फक्त एकमेकांना शिकवण्यासाठी जमतात, हे कोणी पाहिलेले नव्हते.

त्यामुळे रविवारी सकाळी पिकअपमधून दाजी, ताई आणि भाची आले, त्यांच्यासोबत शेजारची चार माणसेही उतरली. एकाला दम्याचा त्रास होता. एका आजीचे गुडघे धरले होते. तिला सगळे आत्या म्हणतात. तिने एक्सरेची मोठी पिशवी छातीशी धरली होती आणि दारातल्या तरुण डॉक्टरला ती नंबर कुठे लावायचा ते विचारत होती. त्याने तिला प्रतिनिधी म्हणून गळ्यात अडकवायचे कार्ड द्यायला घेतले, मग तिच्याकडे पाहून परत ठेवले. शेवटी गावच्या डॉक्टरांनी सगळ्यांना मागच्या रांगेत बसवले आणि दाजींना, ताईला आणि भाचीला त्या खोलीत.

ताईने दाजींना पांढरा सदरा, नवे धोतर आणि टोपी घातली होती. आरशासमोर बसून ते स्वतःच्या हलणाऱ्या खांद्यांकडे पाहत होते. ताईच्या मांडीवर सगळ्या तपासण्यांची पिशवी होती. ताई स्वतः फार दिवसांनी मोकळी वाटत होती. मला म्हणाली, “एवढा मोठा डाक्टर हितं आलाय. काय न काय आसंल त्येच्याकडं. परदेशातलं बी आसंल.”

तिने ही आशा नुसती दाजींसाठी धरली आहे असे मला तेव्हा वाटले.

सुरुवातीला सत्कार झाले. आमच्याकडे कोणताही कार्यक्रम शाल आणि श्रीफळाशिवाय सुरू होत नाही. तज्ज्ञांचा झाला, अध्यक्षांचा झाला, जेवण देणाऱ्या औषध कंपनीच्या माणसाचा झाला. रुग्णाला स्टेजवर आणल्यावर संयोजकांपैकी कोणाच्या तरी मनात आले की हा माणूस आपल्यासाठी एवढ्या लांबून आला आहे, त्याचाही व्हावा. एक शाल शिल्लक होती. दाजींनी ती वाकून घेतली. नारळ हातात दिला तेव्हा तो क्षणभर राहिला आणि सुटला. लाकडी स्टेजवर गडगडत जाऊन अध्यक्षांच्या खुर्चीखाली थांबला. कोणी हसले नाही. अध्यक्षांनी स्वतः वाकून तो काढला आणि ताईच्या हातात दिला.

तज्ज्ञ सावकाश आणि नीट काम करणारे होते. दाजींना काय करायचे ते मराठीत सांगायचे आणि त्याचा अर्थ समोरच्यांना इंग्रजीत. जीभ बाहेर काढून तशीच ठेवा, म्हणाले. दाजींची जीभ बाहेर आली आणि लगेच आत गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. सरळ चाला, म्हणाले. दाजी गालिच्यावरून चालले. नाचणारा माणूस थकून घरी निघाल्यावर चालेल तसे ते चालणे होते. मग तज्ज्ञांनी स्वतःची दोन बोटे दाजींच्या मुठीत दिली आणि घट्ट धरून ठेवायला सांगितले. दाजींनी धरली. मूठ आवळली, सैल झाली, पुन्हा आवळली, पुन्हा सैल झाली. दाजींचा चेहरा सांगत होता की ते सगळा जोर लावत आहेत.

“आपल्या शास्त्रात याला धार काढणाऱ्याची पकड म्हणतात,” तज्ज्ञ मराठीत म्हणाले.

सभागृहात हलके हसू उमटले. समोर बसलेल्यांतले निम्मे तरी शेतकऱ्यांच्या घरातले होते, त्यांना ती पकड हातातून ठाऊक होती. दाजींनाही हसू आले. अडखळत म्हणाले, “साहेब, चार गाया हायेत घरी. पर आता पोरगीच काढती धार.”

सगळे मोकळेपणाने हसले. बऱ्याच दिवसांनी दाजींच्या बोलण्यावर लोक हसले होते, दाजींवर नव्हे. ते शालीचे टोक सावरत सभागृहाकडे पाहत उभे राहिले. खाली न्यायला आलेल्या माणसाला त्यांना दोनदा हाक मारावी लागली.

पुढच्या भागापूर्वी नातेवाइकांना जेवायला घेऊन जा, असे तज्ज्ञांनी माईकपासून तोंड बाजूला करून सांगितले. मी पुढे होतो म्हणून मला ऐकू आले. गावच्या डॉक्टरांनी ताईला आणि दाजींना मागच्या दाराने नेले. भाची मात्र जीव गुदमरवणाऱ्या त्या खोलीतून आधीच बाहेर येऊन मागच्या रांगेत आत्याशेजारी बसली होती. ती तिथे आहे हे कोणाला माहीत नव्हते. मी मागे जाऊन तिच्याजवळ बसलो तेव्हा दिवे मंद झाले होते आणि पडद्यावर एक वंशावळ होती.

नावे नव्हती. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. आजार असेल तर काळे, नसेल तर पांढरे. पहिल्या ओळीत एक काळा चौकोन, त्यावर तिरकी रेघ, म्हणजे मृत. त्याच्याखाली दुसरा काळा चौकोन, त्याला बाण, म्हणजे आत्ता दाखवलेला रुग्ण. त्याच्याशेजारी पांढरे वर्तुळ. तिसऱ्या ओळीत एकच वर्तुळ होते. ते पांढरेही नव्हते आणि काळेही नव्हते. त्याच्या मधोमध प्रश्नचिन्ह होते.

एक डॉक्टर उभे राहिले. त्यांना मी ओळखत होतो. निमोण्याला त्यांचा दवाखाना आहे आणि भाचीची सुपारी फुटली त्या बैठकीला ते मुलाकडून हजर होते. हा कोणाचा तक्ता आहे हे दाजींना पाहिल्यावर त्यांना कळलेच असणार. त्यांनी एवढेच विचारले की सर, अशा मुलीचे लग्न ठरत असेल तर आपण काय सांगायचे, आणि कोणाला.

तज्ज्ञांनी उत्तर मराठीत दिले. “तिला सांगायचं. बाकी कुणालाही नाही. शक्यता निम्मी निम्मी. तपासणी होते, पण ती सज्ञान असेल आणि स्वतःहून मागेल तरच. औषध नसताना हे जाणून घ्यायचं की नाही ते ती ठरवेल. आईवडील नाही, सासर नाही, आणि आपण तर नाहीच.”

निमोण्याचे डॉक्टर बसले. बसताना त्यांनी मागे वळून पाहिले आणि त्यांची नजर भाचीवर थांबली.

तिने पडद्यावरून डोळे न काढता हळू विचारले, “मामा, ते खालचं गोल म्हंजी मीच ना?”

मी हो म्हणालो.

थोड्या वेळाने पाहिले तर तिने आपल्या डाव्या हाताची दोन बोटे उजव्या मुठीत धरली होती आणि त्या मुठीकडे ती बघत होती.

जेवणाच्या मांडवात पुऱ्या, बटाट्याची भाजी, जिलेबी आणि मठ्ठा होता. ताई दाजींना भरवत होती. तज्ज्ञ तिथे आले तेव्हा तिने पिशवी पुढे केली. ते उभ्या उभ्याच प्रत्येक कागदावरून नजर फिरवत होते. ताई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्यांनी गोळ्या आहेत त्याच चालू ठेवायला सांगितल्या, घास बारीक द्या, पाणी घटाघटा पिऊ देऊ नका म्हणाले, आणि दाजींना हात जोडून निघाले. दुसरे काही द्यायला त्यांच्याकडे नव्हते. ताईने कागद एकेक करून पिशवीत भरले.

परतताना आत्याने भीमेच्या पुलावर एक्सरेची पिशवी मांडीवर आपटली आणि सगळ्यांच्या वतीने हिशेब सांगितला. “एवढे डाक्टर आन् गोळी न्हाई एक बी. जेवान मातूर चांगलं व्हतं.”

त्या संध्याकाळी मी बातमी पाठवली. डॉक्टरांचा मेळावा, तज्ज्ञांचे मार्गदर्शन, उपस्थितांची नावे. रुग्णाबद्दल ‘प्रात्यक्षिकही दाखवण्यात आले’ एवढे वाक्य होते. ते पानावर जागा नसल्याने कापले गेले.

घरी काय झाले ते मी दोन दिवसांनी गेलो तेव्हा कळले, आणि जे राहिले होते ते माझ्यासमोर झाले. भाचीने आईला सभेतले सगळे, निमोण्याच्या डॉक्टरांचा प्रश्न आणि त्याचे उत्तरही, सांगितले होते आणि विचारले होते की तुला ठाऊक होते का. ताईने नाकारले नाही. गावच्या डॉक्टरांनी तिला सांगितले होते आणि तिने ते पोटात ठेवले होते. मोठ्या डॉक्टरकडे औषध निघाले तर सांगायची गरजच पडणार नाही, असा तिचा विचार होता. त्यासाठी ती दौंडला आली होती. न निघाले तर साखरपुडा लवकर उरकायचा. यापलीकडे तिने काही ठरवले नव्हते.

ती गोठ्यासमोर बसून शेंगा फोडत होती. दाजी पडवीत खाटेवर होते, मेळाव्यातली शाल पांघरून. दुपारच्या उन्हातही ती त्यांनी काढली नव्हती. भाची दारात उभी होती.

ताईचे म्हणणे सरळ होते. कोणाच्या घरात काय नसते. अंगावरचे कोड लपवून लग्ने झाली, फिट येणारी पोरे उजवली गेली, पोटच्या पोरांनाही वीस वर्षांनी कळले. त्यात हे तर अजून झालेलेसुद्धा नाही. निम्मे म्हणजे निम्मे चांगलेही. तपासणीचे नाव काढायचे नाही, कारण केली तर कळेल.

भाचीलाही तपासणी नको होती, निदान तेव्हा तरी. तिला फक्त निमोण्याला सांगायचे होते.

“मग तिकडनं नारळ येईल,” ताई म्हणाली.

“यिऊ दे.”

“आन् मग? मग कोन करील तुला? आमच्या मागं कोन बघंल?”

“आन् मी तुझ्यावानी घास भरवायला कुणाला बसवू, आई? न सांगता?”

ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. पडवीतून दाजींनी काहीतरी विचारले, ते कोणाला कळले नाही. भाची आत जाऊन त्यांना पाणी पाजून आली.

लग्नाच्या गोष्टीत आमच्याकडे मामाचा शब्द विचारतात. ताईने मला विचारले. मी म्हणालो की तिचा आजार असो वा नसो, सांगायचे की नाही हे तिने ठरवावे. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि असे म्हणालो.

“पेपरात लिवल्यासारखं बोलू नगंस,” ताई म्हणाली. “घरातला हायेस.”

निघताना भाची किटली घेऊन गाईखाली बसली होती. धारेचा आवाज एकसारखा येत होता. तीही तो ऐकत असावी, कारण मध्येच थांबली, हात पुसला आणि पुन्हा सुरू केले.

पंधरवडा गेला असेल. निमोण्याहून मध्यस्थ आला. चहा घेतला, पावसाचे बोलला, उसाच्या तोडीचे बोलला आणि मग म्हणाला की पत्रिका पुन्हा एका ठिकाणी दाखवली, जमत नाही म्हणतात. आमच्या भागात पत्रिका एकदा जुळल्यावर दुसऱ्यांदा न जुळण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो आणि तो कोणी विचारत नाही. ताईने विचारला नाही. मध्यस्थ गेल्यावर ती कपडे बदलून निमोण्याच्या गाडीला बसली.

तिथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काय झाले ते मला तिथे हजर असलेल्या औषध दुकानदाराने सांगितले. ताई रांगेत बसली. तिचा नंबर आल्यावर आत न जाता दारातच उभी राहिली आणि बाहेरच्या सगळ्या पेशंटना ऐकू जाईल असे डॉक्टरांना म्हणाली, “तुमच्या त्या सभेत बोलले व्हते, कुणाला सांगायचं न्हाई म्हनून. माज्या पोरीचं वाटुळं केलंत.” डॉक्टर खुर्चीतून उठले, तिला बसा म्हणाले. ती बसली नाही. ती गेल्यावर त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. त्या आठवड्यात दोन्ही गावांत दोन गोष्टी पसरल्या: मांडवगणच्या त्या मुलीत काहीतरी आहे, आणि निमोण्याच्या डॉक्टरच्या पोटात काही राहत नाही.

मी त्यांना भेटलो. बातमी करायची नव्हती, फक्त विचारायचे होते. आपण कोणाला बोललो नाही, एवढेच त्यांनी सांगितले. मग ताईला तसे का सांगितले नाहीत, असे मी विचारले तर म्हणाले की मी नाही म्हटले असते तर ‘मग कोणी सांगितले’ हा प्रश्न आला असता. त्याचे उत्तर मला माहीत होते, असे ते म्हणाले.

उत्तर भाचीने दिले. शिरूरच्या एसटी स्टँडवर ती गाडीची वाट पाहत होती, मी डेपोच्या कामासाठी गेलो होतो. निमोण्याच्या डॉक्टरांना भेटून आलो, असे मी म्हणालो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली की त्यांनी काही सांगितलेले नाही, मीच सांगितले. मुलाला फोन करून तिने इथेच बोलावले होते. तो कंपनीच्या कपड्यांत आला होता. त्याने रसवंतीवर दोन ग्लास घेतले. तिने सगळे सांगितले, पडद्यावरचे वर्तुळसुद्धा हातावर काढून दाखवले.

“त्यानं काय विचारलं?”

“तुला झालंय का म्हणाला. मी म्हटलं, माहीत न्हाई. मग कवा कळंल म्हणाला. मी म्हटलं, कळून घ्यायचं हाय का तेच ठरलं न्हाई.” ती थांबली. “चांगला हाय तो, मामा. रस संपवला त्यानं. घरी बोलतो म्हणाला.”

ताईला हे का सांगत नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, “आईला आत्ता कुणावर तरी चिडायला पायजेल. माझ्यावर चिडली तर ती एकटी पडंल.” त्या डॉक्टरांकडे मात्र ती जाऊन आली होती. ताई जाऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी. काय बोलली ते तिने सांगितले नाही. गाडी लागली आणि ती चढली.

पुढच्या वर्षी मेळावा शिरूरला झाला. मार्केट यार्डाच्या पलीकडे नवे सभागृह झाले आहे, तिथे. तज्ज्ञांचा निरोप पुन्हा आला: वर्षभरात आजार किती पुढे गेला ते नव्या डॉक्टरांना दाखवता आले तर उपयोग होईल, घरच्यांची हरकत नसेल तर. ताईने हरकत घेतली. एकदा दाखवून काय मिळाले, म्हणाली. भाची म्हणाली मी नेते. तिने दोन अटी घातल्या. बोलणे मराठीत व्हावे आणि आम्हाला खोलीत बसवू नये, पुढे बसवावे. तज्ज्ञांनी दोन्ही मान्य केल्या.

दाजी त्याच शालीत आले. आता त्यांना दोन्ही बाजूंनी धरावे लागत होते. बोलणे जवळजवळ संपले होते. भाचीला कळायचे, बाकीच्यांना ती सांगायची. तिच्या आजोबांच्या शेजारी बसून त्यांचा चुलतभाऊ असेच सांगत असे, हे मला आठवले. तिला मी ते बोललो नाही. ती पहिल्या रांगेत बसली. तिच्या शेजारी निमोण्याचे डॉक्टर होते. त्यांनी स्वतःहून ती खुर्ची धरून ठेवली होती, की तिथे दुसरे कोणी बसले नव्हते, ते मला ठरवता आले नाही.

जीभ झाली, चालणे झाले. पुन्हा मुठीत बोटे दिली. पकड आता कमकुवत होती, पण होती तशीच, आवळणारी आणि सुटणारी. तज्ज्ञ म्हणाले की ही पकड ओळखायला शिकायचे तर आधी निरोगी हाताची पकड अनुभवावी लागते, आणि तुलना करायला एखादा हात हवा. बोलता बोलता सवयीने त्यांनी पहिल्या रांगेतल्या नातेवाइकाकडे, भाचीकडे, पाहिले. त्यांचा हात पुढेही आला. मग त्यांच्या लक्षात आले. हात तिथेच थांबला, आणि सभागृहात ज्यांना समजायचे होते त्यांनाही समजले.

“कोणीतरी विद्यार्थी या,” ते म्हणाले.

मागून एक मुलगा उठून स्टेजवर गेला आणि त्याने तज्ज्ञांची बोटे घट्ट धरली. सगळे तिकडे पाहत होते. मी भाचीकडे पाहत होतो. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, डाव्या हाताची बोटे उजव्या मुठीत. स्टेजवर जाताना काढून तिच्याकडे दिलेल्या दाजींच्या शालीचे टोक त्यावर आले होते. मी बसलो होतो तिथून पकड दिसत नव्हती.